एक जूनचे सात गडी

मी ड्रिल मास्तर होतो आणि चांगला होतो. यात बढाई नाही. ज्यांनी माझ्या शिट्टीवर उन्हात पाय आपटले, ते पुढं पोट सुटल्यावरही रस्त्यात भेटले की ताठ उभे राहायचे. पण माझी खरी ख्याती शिट्टीसाठी नव्हती, नियमांसाठी होती. जिल्ह्याच्या शालेय सामन्यांची नियमांची छापील चोपडी मला तोंडपाठ होती. पंच कुठं अडले की मैदानापलीकडून हाक यायची, "डोंबिवलीच्या मास्तरांना विचारा." मी उठायचो, खाकी पँटचा पट्टा सावरायचो आणि कलमाच्या आकड्यासकट उत्तर द्यायचो. मला ते फार आवडायचं.

आमची शाळा लहान, बालवर्गापासून मॅट्रिकपर्यंत सगळी एका कौलारू छपराखाली. डोंबिवलीत तेव्हा मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारे लोक घरं करायला लागलेले, त्यांची मुलं एका अंगानं यायची. दुसऱ्या अंगानं, खाडीकडून, शेतं आणि मिठागरं करणाऱ्यांची मुलं यायची. पहिली मुलं गणितात पुढं, दुसरी मैदानावर. मी सकाळी कवायत घ्यायचो, दुपारी हेडमास्तरांचा कारकून व्हायचो, आणि जून उजाडला की दाखल्याचं रजिस्टर माझ्या पुढ्यात यायचं. लहान शाळेत एका माणसाला तीन टोप्या घालाव्या लागतात आणि मला त्या तिन्ही शोभायच्या, असं माझं मत होतं.

ठाण्याची मोठी शाळा म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथं तीन ड्रिल मास्तर, मलखांब, तालीम, खेळांची वेगळी खोली आणि त्या खोलीत खेळाडूंच्या कागदांसाठी वेगळं कपाट. त्यांचे क्रीडाप्रमुख बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे, डोक्यावर कायम काळी टोपी, मी मनात त्यांना तेच म्हणायचो. कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळं माझा चढलेला आवाज जास्तच चढलेला वाटायचा. आमचं दोघांचं पटायचं नाही, पण सामन्यात ते दिसले नाहीत तर मला करमायचंही नाही.

आता त्या रजिस्टराबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

शाळा उघडायच्या दिवशी खाडीकडच्या बाया पोरांना धरून आणायच्या. मी विचारायचो, "जन्मतारीख?" बाई माझ्याकडे बघायची आणि सांगायची, "भात लावाचे टायमाला जलमला, गुरजी." दुसरी म्हणायची, "माजे धाकटे जावेचा पोर आन हा एका म्हयन्याचे." मागं वीस जणी उभ्या, पोरं रडतायत, हेडमास्तर दोनदा डोकावून गेलेले. मी पोराला उभं करायचो. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता येतो का बघायचो. दात बघायचो. मग साल ठरवायचो, अंदाजानं. तारखेचा अंदाज करायची गरज नसायची. ती ठरलेलीच होती. एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय मोजायला सोपं जातं, आणि रकाना रिकामा राहत नाही. हे माझंच डोकं होतं असं नाही, माझ्या आधीचे मास्तर तेच करायचे, शीळफाट्याकडच्या गावांतले मास्तर तेच करायचे. मी फक्त सुंदर अक्षरात करायचो. आकड्यांत आणि खाली अक्षरी, "एक जून", काना-मात्रेची चूक नाही. असे कितीतरी वाढदिवस मी एका दुपारी वाटले असतील.

नियमांच्या चोपडीत एक कलम होतं, खेळाडूचं वय शाळेच्या रजिस्टरावरून धरावं. साधं कलम, पण त्याला धार मी आणली. ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगणार आहे त्याच्या दोन वर्षं आधी ठाण्याच्या मोठ्या शाळेचा एक गडी रजिस्टराप्रमाणं वयाबाहेर निघाला. माजिवड्याचा पोरगा होता. त्याचा बाप पत्रिका घेऊन आला, बरोबर म्हातारे शेजारी आणले, सगळे शपथेवर सांगायला तयार की मुलगा लहान आहे, रजिस्टरात चूक झालीय. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "पत्रिका चालणार नाही, साक्ष चालणार नाही. आज शेजारी आणले, उद्या सुईण आणाल. रजिस्टरात आहे ते खरं." स्पर्धेच्या चिटणिसांनी मान डोलावली. मुलगा बाद झाला, शाळा हरली, आणि पुढं कुठंही वयाचा वाद निघाला की डोंबिवलीच्या मास्तरांचा दाखला दिला जाऊ लागला. काळ्या टोपीनं वहीत काहीतरी टिपून घेतलं तेवढं मला दिसलं.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय त्या वर्षी आमचा हुतुतूचा संघ असा होता की तसा पुन्हा झाला नाही. आता सगळे कबड्डी म्हणतात, आम्ही हुतुतूच म्हणायचो. नऊ गडी आणि तीन राखीव, बारांतले नऊ खाडीकडचे. कप्तान मिठागरातल्या घरचा. काळा, रुंद, बोलायला कमी. शाळेत आला तोच उशिरा, कान धरायची परीक्षा त्यानं एका झटक्यात पास केली होती. त्याची चढाई बघायला वर्गावरचे मास्तर तास सोडून खिडकीत यायचे. तो पळायचा नाही. समोरच्या अंगणात शिरून तो हुतुतू हुतुतू म्हणत सावकाश चालत राहायचा, दम इतका लांब की समोरच्यांचाच धीर सुटायचा. कुणीतरी अधीर होऊन पाऊल टाकायचा आणि तेवढ्यात ह्याचा पाय त्याला लागलेला असायचा. त्याचं मॅट्रिकला बसायचं काही खरं नव्हतं, बाप मिठागरावर कामाला हात मागत होता. वर्षअखेर शाळा सुटणार हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आमच्या शाळेनं जिल्ह्याची ढाल कधी बघितली नव्हती. ती आणायची आणि मग शाळा सोडायची, एवढंच त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

आम्ही अंतिम सामन्यात गेलो. समोर ठाण्याची मोठी शाळा. सामना रविवारी सकाळी, त्यांच्याच मैदानावर.

शुक्रवारी दुपारी काळी टोपी स्वतः डोंबिवलीला आली. चहा घेतला, पाणी प्यायले, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"मास्तर, तुमच्या कप्तानाबद्दल आक्षेप आहे. चिटणिसांना देण्याआधी तुम्हाला दाखवावा म्हटलं."

"दाखवा की," मी म्हणालो. "माझ्या संघाचे फॉर्म तुम्ही दिव्याखाली धरा. खाडाखोड सापडली तर नाव बदलतो."

"खाडाखोड नाहीये. चालू वर्षाच्या एक जूनला सोळा वर्षं पूर्ण झालेली नसावीत, असं कलम आहे. तुमच्या मुलाची जन्मतारीख एक जून. सोळा त्याच दिवशी पूर्ण होतात. एक दिवसानं तो बाहेर आहे."

मी हसलो. मग बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. जे कलम मी झोपेतून उठून म्हणून दाखवलं असतं, ते लावून बघायचं मात्र राहिलं होतं. वय सोळा, मर्यादा सोळा, बसतंय, असं धरून मी सही ठोकली होती. त्याची तारीख दोन जून असती तरी तो आत होता.

"आणि एक," ते तितक्याच हळू म्हणाले. "तुमच्या बारांतले सात एक जूनचे आहेत. आमच्याकडेही होते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमचा मुलगा काढलात, तेव्हापासून मी प्रत्येक खेळाडूच्या जन्माचा दाखला मामलेदार कचेरीतून काढून घेतो. त्यासाठी कारकून हेलपाटे घालतो. तुमचे उपकारच आहेत ते."

टोमणा नव्हता त्यात. मला वाटतं ते खरंच आभार मानत होते. म्हणूनच मला जास्त राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी शिपायावर काढला.

हेडमास्तर म्हणाले, "तुमचं खातं आहे, तुम्ही बघा." कचेरीतून दाखला काढायला आठवडे लागायचे आणि माझ्या हातात एक दिवस होता. शनिवारी सकाळी मी कप्तानाच्या घरी गेलो. तो बापाबरोबर मिठागरावर गेलेला. आई दारात सुकी मासळी पसरत होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि पाट मांडला. मी थेट विचारलं, मुलगा जन्मला कधी. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा विचारलं असेल, रांग मागं नसताना.

"नारली पुनवेला," ती लगेच म्हणाली. "सकाली नारल खारीत सोरला, आन उन्हं कलली तवा हा जलमला."

"कुठल्या सालची पुनव?"

"साल मना काय ठाव, गुरजी? पन त्या सालाला बांद फुटलेला. मीठ सगला पानी झाला. ह्याचा बापूस बांद घालाला गेलेला, आन इकरं हा जलमला. तिथं उघारीवर साल लिवलाय सायबानी. बगा जाऊन."

मी गेलो. खाडीचं पाणी आत घ्यायची जी उघाडी असते, तिच्या सिमेंटवर, ओल्यात काडीनं कोरावं तसं, साल कोरलेलं होतं. मी रजिस्टरात अंदाजानं लिहिलेलं तेच साल. दातांवरून साल ओळखण्यात मी तरबेज होतो. पण पुनव म्हणजे श्रावण, श्रावण म्हणजे ऑगस्ट. पोरगा एक जूनच्या पुढं दोन महिने जन्मलेला. तो आत होता. चांगला ऐसपैस आत होता. त्याला बाहेर काढलं होतं ते माझ्या सुंदर अक्षरानं.

मी तिथं बांधावर उभा राहून स्वतःला मोठ्यानं शिवी दिली. जवळपास बगळे होते फक्त.

संध्याकाळी चारला चिटणिसांच्या घरी कल्याणात बैठक होती. चिटणीस तिथल्या एका शाळेचे हेडमास्तर, म्हातारे, दमेकरी. एका बाजूला काळी टोपी, मांडीवर दाखल्यांची फाईल. एका बाजूला मी आणि आमचं रजिस्टर, फडक्यात गुंडाळून आणलेलं. चिटणिसांनी पान उघडलं, बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एक जून. तुमचं काही म्हणणं, मास्तर?"

"मुलाच्या आईला विचारून आलोय," मी सुरुवात केली. "बांधाच्या सिमेंटवर साल आहे. नारळी पौर्णिमा..."

"आईची साक्ष?" चिटणीस म्हणाले. "तुम्ही म्हणताय हे?"

मी पुन्हा तोंड उघडलं. ही तारीख खरी नाही, ती मी माझ्या मनानं घातलीय, असं सांगायला उघडलं होतं. म्हाताऱ्यानं ते ओळखलं असावं. त्यांनी हात वर केला.

"पुढचं वाक्य जरा विचार करून बोला. ही तारीख खोटी म्हणालात तर हे रजिस्टर खोटं. रजिस्टर खोटं तर आक्षेपात दाखवलेली एक जूनची सातही नावं जातील. राहिलेल्या पाचांत सामना होत नाही. ही तारीख खरी असेल तर एकच मुलगा बसेल आणि संघ उद्या खेळेल. मी कागद बघतो, मास्तर. कागदापलीकडचं तुम्ही बोललात तर मला ऐकावं लागेल."

काळी टोपी खिडकीबाहेर बघत होती. त्या क्षणी मी जिल्ह्यातल्या सगळ्या नियमांचा आणि ते पाठ करणाऱ्या स्वतःचा तिरस्कार केला. त्या सहा पोरांचे चेहरे माझ्यासमोर आले, आणि सातवा चेहराही आला.

"तारीख बरोबर आहे," मी म्हणालो. "आक्षेप मान्य."

सही करताना अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

रविवारी ठाण्याच्या मैदानावर मी कप्तानाला एका बाजूला घेतलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. म्हणालो, "रजिस्टराप्रमाणं तू एक दिवसानं मोठा ठरतोस. तुला खेळता येणार नाही. चूक माझी, मी आधी बघायला हवं होतं." एवढंच सांगितलं. तारीख कुठून आली ते सांगितलं नाही. सांगितलं तर तो मैदानावरच काहीतरी बोलून बसेल आणि सगळ्यांचं कोसळेल, असं मी मनाला सांगितलं. त्यावेळी मला ते शहाणपण वाटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बनियन काढून त्याची घडी केली आणि ती राखीवातल्या मुलाला दिली.

"वहीत हाय तर हाय, गुरजी," तो म्हणाला. "तुमीच सांगता."

सामना सुरू झाला आणि तो रेषेच्या बाहेर मातीत मांडी घालून बसला. पहिल्या डावात आम्ही मागं पडलो. मोठ्या शाळेची पकड घट्ट होती, तिघंतिघं मिळून यायचे, एकाला उचलून आपटायचे. आमची पोरं चढाईला जाताना दर वेळी वळून त्याच्याकडे बघायची. मध्यंतरात मी बोलायला गेलो तर पोरांनी मला ऐकलं न ऐकलंसं केलं आणि त्याच्याभोवती बसली. तो हलक्या आवाजात सांगत होता, कोण आधी पाऊल टाकतो, कोण डावीकडं झुकतो, कुणाचा दम कुठं तुटतो. सगळं त्यानं रेषेबाहेर बसून बघून ठेवलेलं. मी मागं उभा राहून ऐकलं. माझी इतक्या वर्षांची मास्तरकी त्याच्या त्या पाच मिनिटांपुढं फिकी होती, हे मी तेव्हाच कबूल केलं.

दुसऱ्या डावात आम्ही लोण चढवला. त्यांचा अख्खा संघ बाद. मैदानाभोवती खाडीकडची माणसं होती ती उठून नाचायला लागली. शेवटी दोन गुणांनी आम्ही जिंकलो. जिल्ह्याची ढाल, पितळी, मखमलीवर बसवलेली, आमच्या लहान शाळेला मिळाली. काळ्या टोपीनं येऊन माझा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, "तुमचा तो मुलगा आत असता तर आमची धूळधाण होती." मी हो म्हणालो. खरं होतं ते.

दुपारी डोंबिवलीला उतरलो. पोरांनी ढाल कप्तानाच्याच डोक्यावर दिली आणि स्टेशनपासून आरडाओरडा करत आणली. खाडीकडच्या रस्त्याला लागल्यावर एकेक जण आपापल्या घराकडं पांगला. मी कप्तानाच्या आईला भेटायचं ठरवून निघालो होतो, म्हणून शेवटी आम्ही दोघंच राहिलो. तो पुढं, ढाल काखेत, मी मागं. मला खरोखर आनंद झाला होता, हे लपवत नाही. शाळेच्या भिंतीवर ती कुठं टांगायची ते मी मनात ठरवत होतो.

"गुरजी, एक इचारू?" तो न वळता म्हणाला.

"विचार."

"तुमी काल घरी आलेले. आई सांगत होती. माजा जलम इचारलात."

"हो."

"ती बोलते नारली पुनव. वहीत एक जून हाय. आईचा चुकला काय?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. बाईमाणूस, लिहिणं-वाचणं नाही, महिन्यांचा घोळ झाला असेल. माझ्या शब्दावर त्यानं विश्वासही ठेवला असता. कितीतरी वेळा तोच शब्द मी कितीतरी बायांच्या शब्दाच्या वर ठेवला होता. पण आदल्या सकाळी दारात माझ्यासाठी पाट मांडणारी ती मला दिसत होती, आणि तोंडातून हो निघेना.

"आईचं चुकलं नाही," मी म्हणालो. "वहीत मी लिहिलंय. तिला न विचारता, माझ्या मनानं. सगळ्यांचंच तसं लिहिलंय."

तो थांबला. ढाल खाली ठेवली आणि बोटं मोजली. जून, जुलै, ऑगस्ट. शाळेत मी त्याला असंच मोजायला शिकवलं होतं.

"मंग मी आत होतो."

"आत होतास."

"काल तुमाला ठाव होता?"

"होतं." मग मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. चिटणीस, सात नावं, बाकीची सहा पोरं, पाचांत सामना होत नाही. ऐकताना तो चढाईत चालायचा तसाच शांत उभा होता.

"मना सांगाचा होता, गुरजी," तो शेवटी म्हणाला. "तरी पन मी बसलो असतो."

त्यानं ढाल उचलून माझ्या हातात दिली आणि बांधावरून घराकडं चालायला लागला.